डब्यातला फोन

"मॅडम, बायका ब्लाउजात मोबाईल ठेवतात, त्यानं काई होते का?"

प्रश्न विचारून झाला आणि अपेक्षा उभीच राहिली. टिनाच्या शेडखाली आठवी, नववी, दहावीची अख्खी पलटण मांडी घालून बसलेली. मग मागच्या रांगेत निकेशच्या तोंडून 'फुस्स' असा आवाज निघाला आणि त्यासरशी पोरांची ओळच्या ओळ एकमेकांवर कलंडली. पोरींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. विज्ञानाचे सर खुर्चीतून अर्धवट उठले, नेमकं कशासाठी रागवावं ते त्यांना सुचेना, म्हणून पुन्हा बसले.

खरं म्हणजे हा प्रश्न एकट्या अपेक्षाचा नव्हताच. सावंगीच्या दवाखान्यातून डॉक्टर येणार, मोबाईल आणि आरोग्य यावर बोलणार, शेवटी मुलांनी प्रश्न विचारायचे, असं सकाळी प्रार्थनेला सांगितलं तेव्हाच जयानं तिला कोपरानं ढोसलं होतं.

"तुह्या आईचं विचार नं. फोन कुठं ठेवते ते."

"तूच विचार."

"मले काय येड लागलं? माइकवाली तं तू हायेस. विचारशीन तं दोन आलूबोंडे."

काजलनं लगेच भाव वाढवला. "पोट्ट्यांसमोर, 'ब्लाउज' शब्द जसाच्या तसा म्हटला तं चार. 'कपड्यात' म्हनून निपटवलं तं एकबी नाई."

माइकवाली हे नाव तसं नवंच होतं. गेल्या वर्षापर्यंत अपेक्षा हजेरीला 'उपस्थित' म्हणायची तेही शेजारच्या पोरीला सांगावं लागायचं, मग ती मोठ्यानं म्हणायची. पण या वर्षी स्नेहसंमेलनाच्या दिवशी निवेदन करणारी पोरगी तापानं फणफणली, मॅडमनी समोर दिसली तिच्या हातात माइक कोंबला, आणि ती समोर दिसलेली नेमकी अपेक्षा निघाली. पहिली दोन वाक्यं तिची तिलाच ऐकू आली नाहीत. तिसऱ्या वाक्याला लोक हसले. चौथ्याला टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून तिच्या घशात जे काही अडकलेलं होतं ते निघालं ते निघालंच. आता तिला गप्प कसं बसवावं हा शाळेपुढचा प्रश्न होता.

डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत. तरुण होत्या, पायात कापडी बूट, केस वर बांधलेले. त्यांनी माइक खाली घेतला आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

"अपेक्षा."

"बसू नकोस, अपेक्षा. तुझ्या घरी कोण ठेवतं असा फोन?"

"आई ठेवते. तिच्यासंगच्या साऱ्याच ठेवतात. साडीले खिसा कुठं असते, मॅडम?"

आता पोरी हसल्या, पण हे हसू वेगळं होतं. ओढण्या तोंडातून बाहेर आल्या.

"मागच्या रांगेतल्या साहेबांनो," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला चार-चार खिसे आहेत म्हणून हसू येतंय. आजचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे." मग त्या टेबलाच्या कडेला टेकून सांगू लागल्या. फोनमधून लहरी निघतात, पण त्या एक्स-रेसारख्या नसतात, त्यांची ताकद फार कमी. त्यांच्यामुळं अमुक आजार होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. कधीच काही होणार नाही, असंही कोणी शपथेवर सांगत नाही. अभ्यास चालू आहे. "मग शहाण्या माणसानं काय करावं? ज्यानं काही बिघडत नाही ते करावं. फोन अंगापासून दूर ठेवावा. वीतभर दूर गेला तरी अंगावर येणारं खूपच कमी होतं. लांबलचक बोलायचं तर स्पीकरवर बोलावं, झोपताना उशाशी घेऊ नये. चिप, स्टिकर, फोनवर चिकटवायचं असलं जे काही विकतात, त्याच्या नादी लागू नये. आणि एक गंमत सांगते. टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो. टॉवर लांब असला, मध्ये आडोसा असला, की ओरडतो. तुम्ही धुऱ्यावर उभं राहून पल्याडच्या वावरातल्या माणसाला हाक मारता तेव्हा कुजबुजता का?"

"नाईऽऽऽ!" अख्खं शेड.

"फोनचंही तसंच. जिथं रेंज कमी, तिथं तो जोर लावतो. तिथं तर अंगाला चिकटवून ठेवूच नका. आणि आता शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. शरीरात कुठं काही वेगळं हाताला लागलं, तर—"

नेमक्या त्याच वेळी निकेशच्या डाव्या मोज्यातून ढोल-ताशा वाजायला लागला.

शाळेत मोबाईल आणायला बंदी. निकेशनं पाय आपटला, तर ढोल आणखी जोरात. सर धावले, पोरं उठली, कोणीतरी ओरडलं, "मॅडम, मोज्यात ठेवला तं चालते का?" आणि डॉक्टरांचं वाक्य त्या गलक्यात बुडालं. अपेक्षा पुढच्या रांगेत होती म्हणून त्याची शेपटी तेवढी तिच्या कानावर पडली: "...फोनला दोष देत घरी बसू नका, दाखवायला या." पण तिचं ध्यान तेव्हा निकेशच्या मोज्यावर होतं. उरलेलं आलूबोंड्यांवर.

आलूबोंडे तिनं चारही वसूल केले.

संध्याकाळी घरी आली तर बाबांचा पारा चढलेला. प्रभाकरराव कापसाच्या हंगामात जिनिंगवर कामाला जायचे. केसांत, भुवयांत, कानांच्या पाळीवर सरकी निघालेल्या कापसाचे तंतू चिकटलेले असायचे, त्यामुळं ते चिडले तरी म्हाताऱ्या सशासारखे दिसत आणि चिडण्याचा अर्धा परिणाम वाया जाई.

"दुपारपासून फोन लावून राह्यलो! ट्रॅक्टरवाला म्हने गाडी रिकामी हाय, कापूस भरून ठेवा, आत्ताच उचलतो. इकडं बाईसाहेब संपर्क क्षेत्राच्या बाहेर. गेला तो दुसऱ्याकडं. फोन कायले घेतला मंग? शोकेसात ठेवाले?"

"चार्जिंग उतरली होती," आई तव्याकडं बघत म्हणाली. तिनं भाकर उलटवली.

"रोजच उतरते? सकाळी भरून नेते नं?"

"उतरते आता. म्या काय करू?"

अपेक्षानं दप्तर भिंतीला लावलं. "आई, आज मी तुह्याबद्दल विचारलं शाळेत. डॉक्टर मॅडमले."

आईच्या हातातलं उलथनं थांबलं. "माह्याबद्दल? काय?"

"ब्लाउजात फोन ठेवते ते. मॅडम म्हने नोको ठेवू."

"म्या नाई ठेवत आता." उलथनं पुन्हा चालू झालं.

"कधीपासून?"

"झाले काई दिवस."

"काऊन?"

"असंच."

आता या 'असंच'मध्ये अपेक्षाला गोम दिसली. अन्नपूर्णाबाई असंच म्हणून काही करणाऱ्यांतल्या नव्हत्या. नवं स्वयंपाकघर बांधलं तेव्हा बाबांनी मिठाची बरणी हौसेनं फळीवर मांडली, तर आईनं ती उचलून पुन्हा जुन्या जागी, उंबऱ्याजवळ, ठेवली होती. का, तर हाताला तिथंच सापडते. अजूनही ती तिथंच होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा तिला ठेचकाळायचा. अशा बाईनं वर्षानुवर्षांची फोनची जागा बदलली. डॉक्टर सांगायच्या आत बदलली. कोणी सांगितलं? काय पाहून? अपेक्षाच्या डोक्यात प्रश्नांचा पोळा फुटला.

जेवणं झाल्यावर मागच्या दारी भांडी घासताना आईनंच विषय काढला. नळाच्या आवाजात, जणू सहज.

"काय म्हने मंग तुही डॉक्टरीन? फोन दूर ठेवला का बरं वाटते म्हने का?"

"कोनाले?"

"कोनालेबी. गोष्ट विचारून राह्यली."

"मॅडम म्हने फोननं काई होते असं सिद्धच नाई झालं. पन दूर ठेवलेला बरा."

"हं," आई म्हणाली, आणि आधीच लख्ख असलेली कढई तिनं पुन्हा घासायला घेतली.

रविवारी कापसाच्या दुसऱ्या वेच्याला, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या वेचणीला, अपेक्षाही वावरात गेली. जया आणि काजल सोबत होत्या. हंगामात रविवारी पोरी घरी सापडत नाहीत. कपाशी बोंडाबोंडानं उकललेली, तुरीच्या ओळी पिवळ्या फुलांनी भरलेल्या. बायकांनी कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधल्या. आणि वेचणीला हात घालण्याआधी आईनं जे केलं ते पाहून अपेक्षाच्या भुवया कपाळाला लागल्या.

आईनं थैलीतून कडीचा स्टीलचा डबा काढला. रिकामा. त्यात फोन ठेवला, झाकण दाबलं, दोन्ही बाजूंच्या कड्या खटक-खटक लावल्या आणि डबा तुरीच्या सावलीत ठेवून वर ओलं फडकं टाकलं. लोणचं मुरायला ठेवावं तसं.

"आई! त्यात काऊन?"

"बाहेर नाई येत मंग ते."

"ते म्हंजे कोन?"

"ते, रेडेशन," आई म्हणाली. "बचत गटाच्या ग्रुपवर व्हिडिओ आलता. मोबाईल छातीशी ठेवला तं काय काय होते ते दाखवलं त्यात. लोखंडात, स्टीलात बंद केला का तिथल्या तिथं राह्यते म्हने."

"अवं, डब्यात काय, डोक्यावर घमेलं पालथं घालून फिरा म्हनतीन उद्या," पलीकडच्या ओळीतून धुरपताबाई बोलल्या. धुरपताबाई आईपेक्षा पुष्कळ मोठ्या, पण वेचण्यात तिच्या दुप्पट. त्यांचा फोन कापडी पिशवीत घालून बाभळीच्या फांदीला टांगलेला होता. "मले नाई जमत बाप्पा. माही पोरगी पुलगावले, दिवसातून धा डाव फोन करते. डब्यात मले काय आयकू येईन?"

अपेक्षा बाभळीकडं बघत राहिली, मग तुरीकडं, मग पुन्हा बाभळीकडं. एक फोन डब्यात, एक फोन पिशवीत. वावर एकच, टॉवर एकच. असा योग शाळेच्या प्रयोगशाळेतही जुळून येत नाही.

"जया," ती कुजबुजली, "तुह्या भावाचा फोन आनला नं तू? आईले लाव."

जयानं लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर. तिसऱ्यांदा मात्र फडक्याखालून, डब्याच्या आतून, दबका, कोंडलेला आवाज आला, हंड्यात बेडूक बसल्यासारखा, आणि बंद पडला.

"म्हंजे जाते आत थोडंसं!" काजल डोळे मोठे करून म्हणाली. "डब्याले बी फट असते!"

"अन् आत जाते तं बाहेरबी येत असन," अपेक्षा म्हणाली. "आपन चार्जिंग पाहू. धुरपता मावशी, तुमचा फोन पाहू का?"

"पाय. पन फोटो-गिटो दाबू नोको माहा, मी अशा अवतारात हाय."

दोन्ही फोन सकाळी भरूनच आणलेले होते. दुपारी बायका जेवायला सावलीत बसल्या तेव्हा पोरींनी डबा उघडला. आईचा फोन गरम लागत होता आणि त्याची बॅटरी निम्म्याच्याही खाली घसरली होती. धुरपताबाईंचा फोन, पोरीचे इतके फोन येऊनही, जवळजवळ भरलेला.

"पायलं!" अपेक्षानं टाळी वाजवली.

"काय पायलं?" जयानं नाक उडवलं. जया गणितात पहिली यायची आणि कोणाचंही उत्तर आधी चूक धरायची. "तुह्या आईचा फोन म्हतारा हाय. त्याचं पोट तसंही खाली होते. अदलाबदल कर, मंग मानीन."

हे अपेक्षाला सुचलं नव्हतं, याचा तिला थोडा राग आला आणि जयाचं कौतुकही वाटलं. धुरपताबाईंना पटवायला मात्र दम लागला. पोरीचा फोन आला तर काजल डब्याजवळ बसून तो उघडेल आणि धावत आणून देईल, अशी अट ठरली. काजलनं ती अट आनंदानं मानली, कारण त्यात वेचणं नव्हतं. मग आईचा फोन बाभळीवर गेला आणि धुरपताबाईंचा डब्यात.

दिवस कलता कलता निकाल लागला. बाभळीवर आईचा म्हातारा फोन होता तिथंच होता, दोन पावलंही उतरला नव्हता. डब्यातला धडधाकट फोन मात्र धापा टाकत होता. धुरपताबाईंची पोरगी तर वैतागून गेलेली. तिनं शेवटी धुरपताबाईंच्या शेजारणीला, कौशल्याबाईंना, फोन करून विचारलं होतं की माह्या आईले काई झालं तं नाई.

जयानं दोन्ही फोन हातात तोलून पाहिले. "मानलं," ती म्हणाली. जयाकडून हा शब्द ऐकणं म्हणजे चार आलूबोंड्यांपेक्षा वरचढ.

अपेक्षा ओळींमधून उड्या मारतच आईकडं निघाली. तिला आता माइकची गरजच नव्हती. "आई, आयक! डब्यात फोन गप्प नाई बसत, उलटा लय ओरडते! मॅडम म्हनल्या होत्या नं, आडोसा असला का जोर लावते, तसंच! कोंडलं नं त्याले, का तो दिवसभर टॉवरले बोंबलून बोंबलून हाका मारते, म्हनून तं चार्जिंग उतरते! तू ते कमी कराले गेली अन् वाढवून बसली, हायेस का नाई हुशार?"

आईच्या मुठीतला कापूस तसाच राहिला. ओटीत पडला नाही.

"वाढवलं?" ती म्हणाली.

"मंग काय!"

आई ओळीतून बाहेर आली. तुरीच्या पलीकडं गेली आणि धुऱ्यावर मटकन बसली. अपेक्षा मागोमाग. आईचा चेहरा उन्हानं लाल व्हायचा, तो पांढरा पडला होता.

"म्हंजे म्या आनखी वाढवलं का वं ते?" तिनं विचारलं. "आपल्या हातानं?"

"चार्जिंगचं म्हनून राह्यली मी, आई."

"चार्जिंगचं नाई." आईनं इकडंतिकडं पाहिलं. धुरपताबाई लांब होत्या. तिनं पदरावरून डाव्या छातीच्या कडेला तळवा ठेवला, काखेकडच्या अंगाला. "इथं. गाठ हाय. बोराएवढी. दसऱ्याच्या आधीपासून."

वावरात वारा होता. तुरीच्या फांद्या एकमेकींवर घासत होत्या. अपेक्षा तिच्या शेजारी टेकली.

"दुखते?"

"नाई. दुखत असती तं सांगतलं असतं. फोन तिथंच राह्यचा नं, नेमका तिथं. मंग तो व्हिडिओ आला. मले वाटलं, हेच होय. फोन दूर केला, डब्यात घातला, म्हटलं आता त्याचं तोंड बंद, गाठ आपसूक बसन."

"बसली?"

"हाय तशीच." आईनं तळवा काढला.

कालपर्यंत अपेक्षाला सगळ्याचं उत्तर हवं होतं. फोन कुठं ठेवावा, किती दूर, डब्यातून लहरी येतात की नाही. आणि आता आई तिच्याकडं बघत होती, उत्तर मागत होती, वावरात दोन फोनांची अदलाबदल करून आलेल्या नववीतल्या पोरीकडून. अपेक्षाच्या जिभेवर पटकन आलंही होतं की नाई वं, काई नाई होत. ते तिनं गिळलं. तिला ते माहीत नव्हतं. फोननं गाठ होते का, माहीत नव्हतं. ही गाठ कसली, माहीत नव्हतं. डब्याच्या प्रयोगात बॅटरी कळली होती, आईच्या आतलं काही कळलं नव्हतं.

आणि मग निकेशच्या मोज्यातल्या ढोल-ताशामागून ते वाक्य वर आलं. अर्धंच ऐकलेलं, शेपटीचं. फोनला दोष देत घरी बसू नका, दाखवायला या.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्या मानानं फार खाली आला होता, "फोनचं अन् गाठीचं काई असन का नसन, ते तुलेबी नाई माहीत अन् मलेबी. पन गाठ हाय नं? हे तं माहीत हाय. मंग ते दाखवा लागते. फोन डब्यात ठेवला काय अन् हिरीत टाकला काय, गाठ डॉक्टरलेच दाखवा लागते."

"वेचा होऊ दे."

"दुसरा झाला का तिसरा येईन."

"बाई मानसानं कोनाले दाखवावं ते? अन् तुह्या बाबाले काय सांगू?"

"मॅडम बाईच हायेत. कापडी बूट घालतात. मी तुह्या नावानं सगळ्या पोट्ट्यांसमोर ब्लाउज म्हटलं तं त्या हासल्याबी नाईत."

आईच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "चांगली मोठी झाली तू. बाबाले नोको सांगू."

"रातच्या जेवनापर्यंत तू सांग. तू नाई सांगतलं तं मी सांगीन."

"अपेऽऽ!" लांबून जया ओरडली. "काय झालं वं? काकी काऊन बसल्या?"

"पाय लचकला!" अपेक्षा ओरडली. त्या दिवसातलं तिचं हे एकच खोटं.

रात्री बाबा खुशीत होते. ट्रॅक्टरवाल्यानं दुसऱ्या दिवशी यायचं कबूल केलं होतं. वांग्याचं भरीत होतं, वर कच्चं तेल, आणि फळीवर, जिथं मिठाची बरणी असायला हवी होती तिथं, आईचा फोन. डब्याबाहेर, सगळ्यांपासून हातभर लांब.

"काय वं," बाबा घास चिवडत म्हणाले, "तू शाळेत काय विचारलं म्हने? जिनिंगवर सारे मले सांगून राह्यले. निकेशच्या बापानं तं चहाच पाजला." ते हसले, मग हसू आवरून बाप झाले. "लाज नाई वाटली सगळ्यायसमोर?"

"वाटली."

"मंग?"

"विचारून झाल्यावर गेली."

बाबांनी आईकडं पाहिलं, हिचं काय करावं अशा नजरेनं. आईनं त्यांच्या ताटात भाकर वाढली. अपेक्षानं आईकडं पाहिलं. आईनं तिच्या ताटात भाकर वाढली. मग स्वतःच्या ताटात. मग टोपलीत भाकर उरली नाही आणि वाढायलाही काही उरलं नाही, तरी आईचे हात टोपलीवरच होते. तिनं एकदा तोंड उघडलं. "आयका नं," ती म्हणाली.

"हं?"

"भरीत तिखट झालं का?"

"नाई. झ्याक झालं."

आईनं मान खाली घातली. अपेक्षाला हजेरी आठवली. आपलं 'उपस्थित' शेजारणीला सांगायचं, मग तिनं ते मोठ्यानं म्हणायचं. तिनं ताट बाजूला सारलं. आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. आईनं तो काढला नाही, वरून आपला हात ठेवला आणि घट्ट दाबला. तेवढं अपेक्षाला पुरलं. शब्द जसाच्या तसा म्हणायचा असतो, 'कपड्यात' म्हणून निपटवायचा नसतो, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं.

"बाबा, उद्या मी शाळेत नाई जात अन् आई वेचाले नाई जात. आईच्या छातीत गाठ हाय, दसऱ्याच्या आधीपासून. मी तिले सकाळच्या पहिल्या गाडीनं सावंगीले दाखवाले नेऊन राह्यली. तुम्ही संग आले तं लय बरं होईन. नाई जमलं तं जिनिंगवर फोन हाताशी ठेवजा, कारन आईचा फोन उद्यापासून डब्यात नाई, माह्या थैलीत राहीन, चालू."